‘दरम्यान’ची बाजू

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेविषयी तक्रार सुरू झाली की काही शब्द हमखास आरोपीच्या पिंजऱ्यात येतात. त्यांत ‘दरम्यान’ पहिल्या रांगेत असतो. पत्रकारिता शिकवणारे, मुद्रितशोधक, जुने संपादक, भाषेची काळजी वाहणारे वाचक या सगळ्यांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, ‘दरम्यान’ हा आळशी लेखणीचा शब्द आहे यावर त्यांचे एकमत दिसते. बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाच्या तोंडाशी ‘दरम्यान’ आणि त्यापुढे स्वल्पविराम दिसला की तो खोडायचा, असा धडा नव्या उपसंपादकाला लवकर मिळतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. बातमी लिहिणाऱ्याला प्रामाणिक राहायला मदत करणारे शब्द थोडे असतात, आणि ‘दरम्यान’ त्यांपैकी एक आहे. तो सरसकट खोडला की बातमी लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीही सांगू लागते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो हलका नाही. हा शब्द फार्सी आहे. ‘मध्ये’, ‘मध्यंतरी’, ‘असताना’ असे घरचे शब्द असताना त्याची गरज काय, हा पहिला आक्षेप. दुसरा असा, की परिच्छेदाच्या आरंभी येणारा ‘दरम्यान’ इंग्रजी बातम्यांतल्या ‘मीनव्हाइल’चा तर्जुमा आहे, वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर रात्रीच्या घाईत मराठीत करताना तो शिरला आणि मुक्कामाला राहिला. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हा शब्द पोकळ आहे, काढून टाकला तरी बातमीचे काही बिघडत नाही. आणि चौथा, की जागा, वेळ, प्रक्रिया आणि परिच्छेदाचा सांधा अशी चार कामे एकाच शब्दाच्या गळ्यात घातल्याने तो कुठल्याच कामाचा धड राहिलेला नाही.

परकेपणाचा आक्षेप मला फार वेळ थांबवत नाही. ‘दर’ म्हणजे आत आणि ‘मियान’ म्हणजे मध्यभाग, या दोन फार्सी शब्दांतून ‘दरम्यान’ झाला हे खरे. याच ‘मियान’पासून तलवारीचे ‘म्यान’ आले, आणि ते परके आहे असे कुणी म्हणत नाही. पण मूळ मुद्दा व्युत्पत्तीचा नाहीच. ज्या बातमीतून ‘दरम्यान’ हाकलायचा तिच्यात ‘गुन्हा दाखल’ होतो, ‘फिर्याद’ नोंदवली जाते, ‘जामीन’ फेटाळला जातो. ती ‘कागदा’वर ‘शाई’ने छापली जाते, तिच्या शेजारी ‘जाहिरात’ असते, आणि तिच्यातल्या लिखाणाला आपण ‘मजकूर’ म्हणतो. हे सगळे शब्द फार्सी-अरबीतून आले आहेत. मराठीने परके शब्द डोळे मिटून घेतले असेही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला तो राज्यकारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. जुन्या पत्रांतले फार्सी शब्द मोजून, शिवकाळापासून त्यांचे प्रमाण कसे झपाट्याने उतरत गेले हे वि. का. राजवाड्यांनी दाखवले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रुजवले. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि त्यांनीच पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. म्हणजे मराठीत या प्रश्नाचा विचार दोन्ही अंगांनी, आणि फार विद्वान माणसांकडून झालेला आहे. इतक्या चाळण्यांतून जो शब्द आजही बोलण्यालिहिण्यात टिकला आहे, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न ‘हा कुठून आला?’ असा नसावा. ‘हा कशासाठी राहिला?’ हे आधी विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक मनोरंजक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुरात ‘मीनव्हाइल’ सतत येतो आणि मराठी उपसंपादक तिथे ‘दरम्यान’ लिहितो, हे रोज घडते. यावरून ‘दरम्यान’चा हा उपयोग इंग्रजीने जन्माला घातला असे ठरत नाही. फार्सीतच ‘दर ईं मियान’, म्हणजे ‘या मध्ये’, ही रचना काळासाठी वापरली जाते. जागेचा शब्द काळाकडे सरकणे ही भाषांची जुनीच रीत आहे. आपला ‘मध्ये’ पाहा: ‘दोन घरांच्या मध्ये विहीर आहे’ आणि ‘मध्ये चार दिवस तो आजारी होता’. ‘मध्यंतरी’ त्याच वाटेने आला. इंग्रजी ‘मीनव्हाइल’ म्हणजे तरी काय? मधला काळ. लॅटिनमधल्या ‘इंटरिम’च्या पोटातही ‘मध्ये’च आहे. चार भाषांनी एकाच गरजेपोटी एकाच जागेवरून शब्द उचलला, तर त्यातल्या एकीने दुसरीची नक्कल केली असे म्हणायला निराळा पुरावा लागतो.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तरी हेच दिसते. हिंदी बातमीत या जागी ‘इस बीच’ किंवा ‘उधर’ येतो. उर्दू वृत्तपत्रे ‘दरीं अस्ना’ लिहितात. गुजराती बातमीत मराठीसारखाच ‘दरमियान’ दिसतो. या सगळ्यांसमोर तोच इंग्रजी मजकूर होता. प्रत्येकीने आपल्या घरात आधीपासून असलेला शब्द पुढे केला. जो शब्द घरात आधीपासून आहे तो तर्जुम्यासाठी वापरला गेला म्हणून तर्जुमा होत नाही.

आणि गरज? ती तर वृत्तपत्रांहून फार जुनी. पहिल्या मराठी वृत्तपत्राचा, ‘दर्पण’चा, पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला; त्याच्या आधीची मराठी गद्याची मोठी परंपरा पत्रांची आणि बखरींची. मोडीत लिहिलेल्या पत्रात परिच्छेद पाडलेले नसत, विरामचिन्हेही नसत. ओळ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाई. एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला हे वाचणाऱ्याला कळावे कसे? त्यासाठी शब्द होते. ‘ऐशास’, ‘त्यास’, ‘येविशीं’ हे शब्द आले की वाचणाऱ्याचा कान टवकारला जाई. बखरकार आणि आख्यान लावणारे कीर्तनकार एकाच वेळी दोन ठिकाणी घडणारी कथा सांगताना ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ यांचा आधार घेत. मजकुराचा सांधा शब्दाने दाखवणे हा मराठी गद्याचा स्वभावच आहे. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकणाऱ्यालाही परिच्छेद दिसत नाही. वृत्तनिवेदक किंचित थांबून ‘दरम्यान’ म्हणतो तेव्हा विषय तोच आहे, धागा वेगळा आहे, हे त्याला त्या एका शब्दावरून समजते.

आता पोकळपणाचा आक्षेप. इथे थांबून नीट पाहिले पाहिजे, कारण या वादाचा खरा जीव इथे आहे.

‘काढून टाका, काही होत नाही’ ही कसोटी लावून पाहू. समजा एका बातमीत अशी दोन वाक्ये आहेत: ‘शहरातील दोन जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक सोमवारपासून बंद आहे. पूर्व भागात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले आहेत.’ दोन्ही वाक्ये खरी, दोन्हींना आधार आहे. पण ती अशी शेजारी आली की वाचकाच्या मनात तिसरे वाक्य तयार होते: केंद्र बंद पडले म्हणून साथ आली. हे तिसरे वाक्य बातमीदाराने लिहिलेले नाही, त्याच्याकडे त्याचा पुरावाही नाही. कदाचित पूर्व भागाला बंद पडलेल्या केंद्रातून पाणी जातही नसेल. आता दुसऱ्या वाक्याआधी ‘दरम्यान’ ठेवा. ‘दरम्यान, पूर्व भागात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले आहेत.’ या दोन गोष्टी एकाच काळात घडत आहेत एवढे मी सांगतो, त्यांचा संबंध मी सांगत नाही, असे त्या एका शब्दाने बातमीदाराने नोंदवले. पाण्याचे नमुने तपासून अहवाल आला की त्याला ‘त्यामुळे’ लिहिता येईल. अहवाल येईपर्यंत ‘दरम्यान’ हेच सत्य आहे.

एकापाठोपाठ किंवा एकाच वेळी घडले म्हणजे कार्यकारण झाले, ही माणसाच्या बुद्धीची फार जुनी चूक आहे आणि आपल्याकडे तिला नाव आहे: काकतालीय. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले. न्यायशास्त्राने कारणाची व्याख्या करताना कार्याच्या आधी असणे एवढ्यावर कधीच समाधान मानले नाही. ते नेमाने आधी असले पाहिजे आणि कार्यासाठी अनावश्यक नसले पाहिजे, अशा अटी घातल्या. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा भेद सुरुवातीलाच शिकवला जातो. बातमीदाराकडे बातमी देण्याच्या घटकेला या अटी पुऱ्या करण्याइतका वेळ आणि पुरावा बहुधा नसतो. त्याच्याकडे फक्त काळ असतो: हे सोमवारी झाले, हे मंगळवारी दिसले. ‘दरम्यान’ काळापुरते बोलतो आणि तिथेच थांबतो. ज्याला आपण पोकळपणा म्हणतो, तो या शब्दाचा संयम आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘दरम्यान’ लिहूनही वाचक संबंध जोडणारच. जोडेल. दोन घटना एका बातमीत घेण्यातच थोडे सूचन असते आणि ते टाळायचे तर दोन बातम्या कराव्या लागतील. पण सूचन रोखणारा शब्द वापरणे आणि सूचनाला मोकळे सोडणे, यांत फरक आहे. उद्या त्या बातमीवर आक्षेप आला तर बातमीदार कशावर उभा राहणार? आपल्या वाक्यात काय म्हटले आहे आणि काय म्हटलेले नाही, यावरच.

पर्याय म्हणून सुचवले जाणारे शब्द एकेक करून त्याच जागी ठेवले की ‘दरम्यान’चे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. ‘त्याच वेळी’ लिहिले तर दोन घटना एकाच क्षणी घडल्याचा दावा होतो. बातमीदाराला तो करता येईलच असे नाही. ‘मध्यंतरी’ म्हटले की घटना आजपासून मागे जाते, होऊन गेलेली वाटते. चालू असलेल्या गोष्टीला तो चालत नाही. ‘तोवर’ला पुढे कुठेतरी शेवट ठरलेला लागतो. ‘दुसरीकडे’ आणि ‘तर’ विरोध उभा करतात. ‘इकडे’ म्हणणारा कुठल्या तरी एका बाजूला उभा असतो. बखरकाराला ते शोभते, बातमीदाराला नेहमीच शोभेल असे नाही. हे सगळे शब्द उत्तम आहेत आणि जिथे त्यांचा दावा खरा आहे तिथे तेच लिहावेत. पण प्रत्येकात ‘दरम्यान’पेक्षा एक गोष्ट जास्त सांगितलेली आहे. ज्याला ती जास्तीची गोष्ट ठाऊक नाही, त्याच्यासाठी मराठीत सर्वांत कमी दावा करणारा शब्द ‘दरम्यान’ आहे.

आणखी एक उपयोग आहे, तो डेस्कवर बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. बातमी वरून खाली महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लिहिली जाते. जागा कमी पडली की उपसंपादक तळापासून कापत वर येतो. ‘दरम्यान’ने सुरू होणारा परिच्छेद बहुधा स्वतंत्र धाग्याचा असतो. तो काढला तरी वरची बातमी उघडी पडत नाही, आणि वरची बातमी कापून तो स्वतंत्रही करता येतो. ज्या लेखकाने ‘दरम्यान’ योग्य जागी ठेवला आहे त्याने आपल्या मजकुराची शिवण कुठे आहे ते दाखवून ठेवलेले असते. काढून टाकता येतो हा या परिच्छेदाचा गुण आहे. त्याचा दोष मानून आपण सांधा दाखवणाऱ्या शब्दालाच शिक्षा करत आलो.

चौथ्या आक्षेपाकडे वळू: एक शब्द, अनेक कामे. इथे मला असे दिसते की ही कामे वरवर वेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी एकच अर्थ आहे आणि तो कुठेही सैल झालेला नाही. नामाला जोडून येणारा ‘दरम्यान’ घ्या. ‘उपचारादरम्यान मृत्यू’ हा शब्दप्रयोग इतका सवयीचा झाला आहे की त्याची नेमकेपणाची बाजू आपल्याला दिसेनाशी झाली. ‘उपचारादरम्यान’ आणि ‘उपचारामुळे’ यांत एका डॉक्टरची सारी कारकीर्द मावते. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या आरोपावरून डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सांगितले. ज्या गोष्टीसाठी पोलिसांनाही तज्ज्ञाचे मत लागते ती बातमीदाराने एका ‘मुळे’च्या जोरावर सांगून टाकावी काय? ‘शस्त्रक्रियेदरम्यान’ लिहिणारा बातमीदार काळ सांगतो आणि कारण तज्ज्ञांवर सोपवतो. परिच्छेदाच्या तोंडाशी येणारा ‘दरम्यान’ नेमके हेच करत होता.

न्यायालयाच्या बातम्यांत हा भेद आणखी मोलाचा ठरतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाविषयी सुनावणी चालू असताना अतिशय कठोर उद्गार काढले. आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचे गुन्हे नोंदवावेत, अशा आशयाचे. देशभर त्याच्या बातम्या झाल्या. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: सुनावणीत काढलेले उद्गार हे न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भाग नसतात, त्यामुळे ते ‘वगळण्याचा’ प्रश्न येत नाही, आणि सुनावणीत काय बोलले गेले हे छापण्यापासून माध्यमांना रोखता येणार नाही. आता मराठी बातमीदाराचे काम पाहा. त्याला उद्गार छापायचा अधिकार आहे, पण तो आदेश नाही हेही वाचकाला कळले पाहिजे. ‘न्यायालयाने म्हटले’ एवढ्याने ते कळत नाही. आदेशातही न्यायालय म्हणतेच. ‘सुनावणीदरम्यान न्यायालयाने म्हटले’ असे लिहिले की उद्गाराची जागा पक्की होते. एका शब्दयोगी अव्ययाने उद्गार आणि आदेश वेगळे ठेवले.

‘पोलिस चौकशीदरम्यान कबुली’ ही बातमी आपण रोज वाचतो. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. दंडाधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ही वेगळी गोष्ट. म्हणून कबुली ‘दिली’ एवढेच लिहिणारी बातमी आरोपीवर अन्याय करते, आणि ‘पोलिस चौकशीदरम्यान दिल्याचे पोलिसांनी सांगितले’ असे लिहिणारी बातमी त्या कबुलीची कायद्यातली किंमत वाचकापुढे ठेवते. ‘चौकशी चालू असताना’ लिहिले तरी अर्थ तोच राहतो आणि मला त्यात काहीच वावगे वाटत नाही. मथळ्यात मात्र एवढी जागा नसते. फक्त हा शब्द नामाला जोडून लिहावा, आणि नामाचे सामान्यरूप करावे: ‘चौकशीदरम्यान’, ‘लोणावळ्यादरम्यान’. तोडून लिहिलेला ‘चौकशी दरम्यान’ आणि सामान्यरूप न केलेला ‘लोणावळादरम्यान’ हे दोष खरे आहेत. त्यांची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आहे, शब्दावर नाही.

जागेच्या बाबतीतही असेच. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली. तिथे ‘ते’ बरोबर, कारण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पावसाळ्यात ‘कसारा-इगतपुरीदरम्यान दरड कोसळली’ अशी बातमी येते तेव्हा दरड थळ घाटात या दोन स्थानकांच्या मध्ये कुठेतरी एका जागी कोसळलेली असते. ‘कसारा ते इगतपुरी दरड कोसळली’ असे लिहून पाहा. सगळा घाटच खाली आल्यासारखे होईल. रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीतही मार्ग ‘दरम्यान’ने सांगतात आणि वेळ ‘ते’ व ‘पर्यंत’ने, कारण ब्लॉक त्या वेळेत सलग चालतो.

यातूनच एका लाडक्या आक्षेपाचे उत्तर मिळते. ‘रात्री दहा ते पहाटे पाचच्या दरम्यान चोरी झाली’ या वाक्यात ‘ते’ आणि ‘दरम्यान’ ही द्विरुक्ती आहे, एक काढा, असे सांगितले जाते. काढून पाहू. ‘रात्री दहा ते पहाटे पाच चोरी झाली’: म्हणजे चोर सात तास चोरी करत होता. ‘रात्री दहा आणि पहाटे पाचदरम्यान’ चालेल, पण बोलताना तसे कुणी म्हणत नाही. खरे म्हणजे ‘ते’ मर्यादा आखतो आणि ‘दरम्यान’ सांगतो की घटना या मर्यादेत कुठल्या तरी एका अज्ञात क्षणी घडली. घराला कुलूप लावून गेलेल्या माणसाला परतल्यावर एवढेच ठाऊक असते. पोलिसांच्या प्रथम खबर अहवालातही गुन्हा घडल्याची वेळ ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन रकान्यांत भरतात, आणि ठाणे अंमलदार मजकुरात ‘वाजताचे दरम्यान’ असे लिहितो. त्याचे गद्य रुक्ष असेल. त्या वाक्यातला नेमकेपणा मला आदरणीय वाटतो. ‘दुकान दहा ते पाच उघडे असते’ आणि ‘दहा ते पाचच्या दरम्यान दुकान फोडले’ यांतला भेद मराठीला व्यक्त करता येतो, आणि द्विरुक्तीच्या नावाखाली आपण तो पुसायला निघालो आहोत.

इतके म्हटल्यावर ‘दरम्यान’चा गैरवापर होतच नाही असे मी म्हणेन, तर ते खोटे ठरेल. होतो, आणि रोज होतो. एखाद्या नगरसेवकाला आज अटक झाली. बातमीच्या शेवटी लिहिले जाते, ‘दरम्यान, त्याच्यावर २०१२ मध्येही गुन्हा दाखल झाला होता.’ इथे ‘दरम्यान’ खोटा आहे. २०१२ हे साल आजच्या अटकेच्या आणि कशाच्या मध्ये येते? ही पूर्वपीठिका आहे. ‘त्याच्यावर २०१२ मध्येही’ एवढे लिहिले की झाले. तसेच ‘मुख्यमंत्र्यांनी मदत जाहीर केली. दरम्यान, ही मदत थेट बँक खात्यात जमा होईल.’ इथे दुसरे वाक्य पहिल्याचाच तपशील आहे, मध्ये काही घडलेलेच नाही. आणि सर्वांत वाईट प्रकार उलटा: संबंध ठाऊक असतो, पुरावा हातात असतो, आणि तरी तो झाकण्यासाठी ‘दरम्यान’ लिहिला जातो. ठेकेदाराला मुदतवाढ देण्याचा ठराव झाला आणि ‘दरम्यान’ त्याच्या दुसऱ्या कंपनीने ठराव मांडणाऱ्याच्या संस्थेला देणगी दिली, हे कागदोपत्री सिद्ध असेल, तर तिथे ‘दरम्यान’ लिहिणे हा भित्रेपणा आहे. कमी बोलणारा शब्द ज्याला कमी ठाऊक आहे त्याने वापरावा.

म्हणून शब्द खोडण्याऐवजी कॉपी तपासणाऱ्याने एक प्रश्न विचारावा: कशाच्या आणि कशाच्या दरम्यान? दोन टोके दाखवता आली, मग ती स्थानके असोत, घड्याळाचे आकडे असोत, सुनावणीची सुरुवात आणि शेवट असो, की वरच्या परिच्छेदातली घटना आणि वाचक वाचतो आहे तो क्षण असो, तर शब्द बरोबर आहे. टोके नसतील तर तो चुकला आहे. २०१२ चे वाक्य या प्रश्नापुढे एक क्षणही टिकत नाही; जलशुद्धीकरणाचे वाक्य टिकते.

याच कसोटीवर मला पूर्वपक्षाची एक गोष्ट मान्यही करावी लागते. ‘दोन देशांदरम्यान चर्चा’, ‘दोन गटांदरम्यान हाणामारी’ असे लिहिले जाते ते मला पटत नाही. ‘दरम्यान’ दोन टोकांच्या मधली मोकळी जागा दाखवतो. टोके तिच्या बाहेर असतात. चर्चा आणि हाणामारी या तर टोकांनी स्वतः केलेल्या गोष्टी आहेत, त्यांत ती सामील असतात. तिथे ‘यांच्यात’ हाच मराठी शब्द. समझौता एक्स्प्रेस अटारी-लाहोरदरम्यान धावत असे, कारण रूळ त्या दोन स्थानकांच्या मध्ये होते. १९७२ चा शिमला करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. हा भेद शिकवायला एक तास पुरे आहे, आणि शब्दावर बंदी घालण्यापेक्षा तो तास अधिक उपयोगी पडेल.

बंदीने काय होते ते आपण पाहतोच आहोत. ‘दरम्यान’ची जागा रिकामी राहत नाही, तिथे ‘तर’ येऊन बसतो. ‘धरणक्षेत्रात दमदार पाऊस झाला, तर शहरात पाणीकपात कायम आहे’, ‘मंत्री दौऱ्यावर रवाना झाले, तर घाटात वाहतूक ठप्प झाली’. ‘तर’ दोन बाजू तोलतो, एकीला दुसरीसमोर उभे करतो. पहिल्या वाक्यात निदान विरोध कल्पिता तरी येतो. मात्र पाऊस धरणक्षेत्रात पडूनही कपात उठवण्याइतका साठा झाला आहे की नाही, हे बातमीदाराने विचारलेले नसते. दुसऱ्यात तर मंत्र्यांच्या जाण्याचा आणि घाट बंद पडण्याचा काहीच संबंध नाही. ‘तर’मुळे तो छापला गेला. ज्या उपसंपादकाने ‘दरम्यान’ पोकळ म्हणून खोडला, त्याच्याच हातून या प्रत्येक वाक्यात कुणीही न तपासलेला एक विरोध बातमीत शिरला आहे.